वीज, माग आणि माणूस
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)





आपण मला बोलावलेत, त्याबद्दल मी आभारी आहे. मी विद्वान नाही, पुढारी तर नाहीच नाही. आयुष्यभर खडू हातात धरून विज्ञान शिकविले, एवढीच माझी ओळख. संस्थेच्या चिटणीसांनी विषय दिला तो मात्र मोठा आहे: यंत्रे, सुरक्षितता आणि ऊर्जा यांचा आपल्या रोजच्या जीवनाशी संबंध. मी त्यांना म्हणालो, "साहेब, हा विषय दिल्लीत बोलण्याचा." ते म्हणाले, "सर, भिवंडीत राहणाऱ्याला या विषयासाठी दिल्लीला जावे लागत नाही." घरी जाऊन विचार केला तेव्हा त्यांचे म्हणणे पटले. म्हणून आज जे सांगणार आहे ते आपल्याच गल्लीतले आहे. स्मरणिकेसाठी हे भाषण लिहून काढताना, त्या दिवशी सभागृहात नसलेल्या वाचकालाही मी समोर बसलेला धरले आहे.

प्रथम एक प्रश्न. भिवंडीत जन्मलेल्या माणसाला झोप कशाने येते आणि कशाने मोडते? बाहेरगावचा पाहुणा सांगेल, मागांच्या खडखडाटाने झोप मोडते. आपले उलटे आहे. खडखडाट चालू असेल तोवर आपण गाढ झोपतो. तो थांबला की जागे होतो. माझी अम्मी तर माग थांबले की उठून खिडकीशी जाऊन उभी राहायची. कारण आमच्या लहानपणी माग थांबण्याची दोनच कारणे असत. एक तर वीज गेली असेल, नाहीतर शहरात काहीतरी विपरीत घडले असेल. रस्त्यावरचे दिवे चालू आहेत की नाहीत हे ती आधी पाही. दिवे बंद असले की "वीज गेली, झोपा" म्हणे. दिवे चालू असून माग बंद असले, तर ती बोलत नसे. दाराची कडी पुन्हा एकदा तपासून येई.

मित्रहो, ऊर्जा आणि सुरक्षितता या दोन गोष्टी आज परिषदांमधून एकत्र चर्चिल्या जातात. माझ्या निरक्षर अम्मीने त्या एका खिडकीत उभे राहून एकत्र पाहिल्या होत्या.

आपले शहर मागावर उभे राहिले ते काही एका दिवसात नाही. हातमागाचे विणकर येथे पूर्वीपासून होते. उत्तर प्रदेशातून मोमीन-अन्सारी विणकर आले, तेलंगणातून पद्मशाली समाजाचे विणकर आले आणि त्यांच्या वस्तीने पद्मानगर झाले. हातमागावर हात आणि पाय हीच शक्ती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वीज आली आणि हातांची जागा मोटारीने घेतली. एका पिढीत धोट्याचा वेग बदलला आणि त्याबरोबर घराचा दिनक्रमही बदलला. हातमागाचा विणकर सूर्याबरोबर काम करी. मोटार सूर्याकडे पाहत नाही. म्हणून बारा तासांची दिवसपाळी आणि बारा तासांची रातपाळी आली. रातपाळीबरोबर रात्रभर उघडी राहणारी चहाची दुकाने आली, भिशीत जेवणारे आणि एकाच खाटेवर पाळीपाळीने झोपणारे कामगार आले. यंत्र नुसते कापड विणत नाही, ते माणसांचे राहणेही विणते.

आता थोडे गणित करू या. जुन्या सवयीप्रमाणे मला फळा लागतो, पण आज तोंडीच सांगतो. साध्या मागाला साधारण एक अश्वशक्तीची मोटार धरा. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे पाऊण किलोवॅट. चोवीस मागांचा कारखाना पूर्ण भाराने चालला तर सुमारे १८ किलोवॅट लागतात, आणि बारा तासांच्या एका पाळीत सुमारे २१५ युनिट वीज खर्च होते. प्रत्यक्षात भार कमी-अधिक असतो. पण हिशेबाचा अंदाज यावा म्हणून हे धरले. प्रत्येक युनिटमागे एक रुपया वाढला, तर दोन पाळ्यांचा तो छोटा कारखाना दिवसाला सुमारे ४३० रुपयांनी अधिक खर्चात जातो. हे पैसे कोण भरतो? सुताचा भाव त्याच्या हातात नाही, कापडाचा भाव व्यापाऱ्याच्या हातात. मग उरतो तो कामगाराचा दर आणि मालकाच्या मुलाची फी. वीजदराची बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येते. तिचा परिणाम आमच्या शाळेच्या हजेरीपटावर दिसतो. हे मी नोकरीत असताना डोळ्यांनी पाहिले आहे.

आणि ही वीज येते कोठून? भिंतीतल्या बटणातून येते, असे लहान मुलाला वाटते. खरे सांगायचे तर आपल्यापैकी बऱ्याच मोठ्यांनाही तसेच वाटते. महाराष्ट्राच्या जाळ्यात वीज सोडणारी चंद्रपूर आणि कोराडी येथील केंद्रे कोळसा जाळतात. कोयनेचे पाणी डोंगराच्या पोटात उतरून जनित्रे फिरविते. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातले, आजच्या पालघर जिल्ह्यातले तारापूर पाहा. तेथील अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, ते देशातील पहिले. या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी किंमत मोजली आहे. कोयनेच्या जलाशयासाठी गावे उठली. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे आपली जागा सोडून गेली. चंद्रपूरच्या माणसाच्या अंगणात राख पडते, तेव्हा आपल्या मागावर धोटा धावतो. मी असे म्हणत नाही की दिवे विझवून बसा. एवढेच म्हणतो की, जी वस्तू दुसऱ्याने काही सोसल्यावर आपल्यापर्यंत येते, ती अमानत आहे. अमानत उधळता येत नाही आणि चोरता तर मुळीच येत नाही.

चोरीचा शब्द निघाला, तेव्हा मला एक कबुली द्यावयाची आहे. ती दिल्याशिवाय पुढे बोलण्याचा मला अधिकार नाही.

अब्बांच्या पश्चात आमचा छोटा कारखाना धाकट्या भावाने पाहिला. मी शाळेत होतो, माझे पोट पगारावर होते. एक दिवस माझ्या ध्यानात आले की कारखान्याचा काही भार मीटरमधून जातच नाही. वरच्या तारेवर आकडा टाकलेला होता. मी भावाला विचारले. तो म्हणाला, "भाईजान, गल्लीत कोण टाकत नाही? मी एकट्याने बिल भरले तर माझे कापड बाजारात महाग पडेल." त्याचे गणित बरोबर होते, आणि मी गप्प राहिलो. दिवसा शाळेत मी ओहमचा नियम शिकवीत असे आणि संध्याकाळी त्या तारेखालून घरी जात असे.

एका पावसाळ्यात वाऱ्याने आकडा निसटला. कांड्या भरणारा एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा बांबू घेऊन तो पुन्हा टाकण्यास वर चढला. बांबू ओला होता. मुलगा वाचला, खुदाची मेहेरबानी. पण उजव्या हाताची बोटे कायमची आखडली. तो मुलगा माझ्याच वर्गात आठवीपर्यंत शिकला होता. मी दवाखान्यात भेटावयास गेलो, तेव्हा तो रागावला नाही. फक्त म्हणाला, "सर, तुम्ही शिकवले होते की लाकूड विजेला अडवते. ओल्या लाकडाचे तुम्ही सांगितले नव्हते."

मित्रहो, तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या शिकवण्यावर यापेक्षा कठोर शेरा कोणत्याही निरीक्षकाने मारला नाही. भावाने आकडा काढला, मुलाच्या औषधपाण्याचे आम्ही पाहिले, पुढे त्याला बसून करण्याचे काम दिले. परंतु बोटे काही सरळ झाली नाहीत. त्या वर्षापासून मी आठवीच्या वर्गात सुके आणि ओले लाकूड दोन्ही घेऊन जात असे.

आता या आकड्यांचा शहरावर काय परिणाम होत होता ते पाहा. एका रोहित्रावर ठराविक भार पेलण्याची शक्ती असते. चोरून घेतलेला भार त्याच्या हिशेबात नसतो. भार वाढला की तारा तापतात, दाब उतरतो. दाब उतरला की मागाची मोटार तेवढेच काम करण्यासाठी अधिक प्रवाह ओढते, तिची गुंडाळी तापते आणि जळते. म्हणजे ज्याने आकडा टाकला नाही, त्याचीही मोटार जळते. रोहित्र जळाले की सारी गल्ली अंधारात. मग लोक मोर्चा काढतात, आणि मोर्चात आकडेवाला पुढे असतो!

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून राज्यावर विजेच्या तुटवड्याचे संकट गडद होत गेले. २००१ साली दाभोळचा प्रकल्प बंद पडला. २००५ च्या जूनमध्ये जुन्या वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण ही वेगळी कंपनी झाली. त्या काळात भारनियमन हा शब्द पोराबाळांच्या तोंडी बसला. भिवंडीची अवस्था अशी की, शहरात सोडलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक विजेचे पैसेच वसूल होत नव्हते. काही गळती तारांतली, काही चोरीची, काही थकबाकीची. अखेर २६ जानेवारी २००७ पासून येथील वितरण आणि वसुली महावितरणने फ्रँचायझी पद्धतीने टोरंट पॉवर या खाजगी कंपनीकडे सोपविली. देशात अशा स्वरूपाचा हा पहिला मोठा प्रयोग मानला जातो. रोहित्रे बदलली, तारा बदलल्या, मीटर बदलले, आणि काही वर्षांतच गळती पाचव्या हिश्श्याच्या आसपास आली. पुरवठाही सुधारला. दुसऱ्या बाजूने बिलांच्या रकमांविषयी, मीटरच्या वेगाविषयी आणि जुन्या थकबाकीविषयी तक्रारी झाल्या, मोर्चे निघाले, प्रकरणे न्यायालयात गेली.

या प्रयोगावर आपल्यात दोन तट आहेत आणि दोघेही येथे बसलेले आहेत. मी कोणा एका तटाचा वकील नाही. मला त्यातून दिसते ते असे: निवड कंपनीने केली, सरकारने केली, हे खरे, परंतु त्यापूर्वीची पंचवीस वर्षे आपणही रोज एक निवड करीत होतो. सार्वजनिक वस्तूची राखण आपण केली नाही, तेव्हा राखणदार बाहेरून आला. आणि बाहेरून आलेल्या राखणदाराला प्रश्न विचारावयाचे, तर बिल वाचता आले पाहिजे. आपल्यापैकी किती जणांना स्वतःचे वीजबिल वाचता येते? स्थिर आकार म्हणजे काय, मंजूर भार म्हणजे काय, यंत्रमागासाठी २७ अश्वशक्तीच्या खाली आणि वर सवलती वेगळ्या का, तक्रार निवारण मंच कोठे आहे? मोर्चाला हजार माणसे मिळतात. पण मंचापुढे कागद लिहून नेणारा एक मिळत नाही. शिक्षणसंस्थेच्या वार्षिक समारंभात हे सांगावयाचे नाही, तर कोठे?

आता यंत्राकडे वळू. साधा माग मिनिटाला सव्वाशे-दीडशे फटके मारतो. एका इंचात पन्नास आडवे धागे असलेले कापड घ्या, तर दीडशे फटक्यांत तीन इंच कापड होते. रेपियर माग मिनिटाला तीनशे-चारशे आणि त्याहूनही अधिक फटके मारतो. हवेच्या झोताने बाणा फेकणारा माग सहाशेच्या पुढे जातो. कापडात दोष कमी येतात, अर्ज चांगला मिळतो. मग आपण हे का घेत नाही? कारण त्याची किंमत साध्या मागाच्या कित्येक पट आहे. त्याला जागा, स्वच्छता, स्थिर दाबाची वीज लागते. आणि जॉबरला इलेक्ट्रॉनिक्सचे ज्ञान लागते. जुना माग हातोडी-पान्याने दुरुस्त होतो, नवा माग वाचून दुरुस्त करावा लागतो. १ एप्रिल २०१७ रोजी केंद्र सरकारने आपल्याच भिवंडीत 'पॉवरटेक्स इंडिया' योजनेचा आरंभ केला. तिच्यात एक मधला मार्ग होता: जुन्या मागालाच ताणा किंवा बाणा तुटला की माग थांबविणारी साधने बसवावयाची. सौर ऊर्जेसाठीही तिच्यात तरतूद होती. अशा योजना येतात आणि मुदत संपून जातात. ज्याला अर्ज भरता आला त्याला लाभ झाला. ज्याला कळले नाही, तो अजूनही विचारतो, "काय योजना होती हो?"

वेगाचा आणखी एक अर्थ आहे, तो कामगाराला आधी कळतो. एक माग तीन मागांचे काम करू लागला, की बाकीच्या मागांवरची माणसे कोठे जातील? काही गोदामांत गेली. मुंबईची जकात चुकविण्यासाठी नाशिक महामार्गाच्या आसपास गोदामे उभी राहिली; जकात २०१७ मध्ये गेली, पण गोदामे वाढतच राहिली. ज्या शेतात भात होता तेथे आज पत्र्याचे छप्पर आहे, आणि ज्याचा बाप माग चालवीत होता तो मुलगा मोबाईलच्या पडद्यावर पाहून खोके उचलतो. हे चांगले की वाईट, हे मी एका वाक्यात सांगू शकत नाही. त्याच्या कानांना आराम आहे, एवढे मात्र निश्चित.

कानांवरून आठवले. माझ्या अब्बांना शेवटची पंधरा वर्षे ऐकू येत नसे. मागाच्या खोलीतला आवाज मोजला तर बहुधा नव्वद डेसिबलच्या वर भरतो. आठ तासांच्या कामासाठी कारखान्याच्या नियमांनी घातलेली मर्यादा नव्वदचीच आहे, आणि आपली पाळी तर बारा तासांची! डेसिबलच्या मापात दहाने वाढ म्हणजे आवाजाची तीव्रता दहापट, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अब्बा ईदच्या दिवशी सर्वांच्या ओठांकडे पाहून हसत असत. आम्हांला वाटे, ते खूश आहेत. ते केवळ अंदाज बांधीत होते, हे पुष्कळ उशिरा कळले. कानात घालण्याचे बोळे काही रुपयांत मिळतात. त्यांना परदेशी तंत्रज्ञान लागत नाही, सरकारी योजना लागत नाही. लागते ती मालकाची इच्छा आणि कामगाराची सवय.

आता शेवटचा भाग, सुरक्षिततेचा. तो टाळून चालणार नाही.

मे १९७० मध्ये मी बारा वर्षांचा होतो. ७ मे रोजी आपल्या शहरात जे झाले त्याची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. मे १९८४ मध्ये पुन्हा तेच. त्या दिवसांचे वर्णन मी करणार नाही. ज्यांनी पाहिले त्यांना गरज नाही आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांना अल्लाह ते कधी न दाखवो. मला आठवते ती मागांची शांतता. वीज होती, मोटारी होत्या, बीम भरलेले होते आणि माग बंद होते. पद्मानगरचा माग बंद, गैबीनगरचाही बंद. मागाचा मालक एका धर्माचा, सुताचा व्यापारी दुसऱ्या धर्माचा, जॉबर तिसऱ्या प्रांताचा. एकाने भीतीने दार लावले की चौघांची चूल विझते. विजेचे जाळे जसे एका ठिकाणी तुटले की दूरपर्यंत अंधार होतो, तसे हे जाळे आहे.

१९८८ साली पोलीस उपायुक्त म्हणून श्री. सुरेश खोपडे येथे आले. त्यांनी बंदुकांची संख्या वाढविण्याचा विचार प्रथम केला नाही. त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसे, त्यांच्यात रिक्षावालाही आणि मागवालाही, आणि त्या विभागाचा फौजदार एकत्र बसत. गटाराची तक्रार, नवरा-बायकोचे भांडण, मिरवणुकीचा मार्ग, सारे तेथे येई. त्यामुळे फौजदाराला मोहल्ला ओळखू लागला आणि शेजाऱ्याला शेजारी. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा सर्वांचे डोळे भिवंडीकडे होते. भिवंडी शांत राहिली. त्या रात्रींमध्ये एकदा माग थांबले, तेव्हा अम्मी नेहमीप्रमाणे खिडकीत गेली. रस्त्यावरचे दिवे बंद होते. ती म्हणाली, "वीजच गेली आहे," आणि झोपली. माझ्या आयुष्यातील ती फार मोठी बातमी होती, मित्रहो.

आज सुरक्षितता म्हटले की आपल्याला कॅमेरा आठवतो. चौकात कॅमेरा, कारखान्यात कॅमेरा, शाळेत कॅमेरा. मी कॅमेऱ्याचा शत्रू नाही. चोर सापडतो, अपघाताचा छडा लागतो. परंतु कॅमेरा झालेले दाखवितो, होणारे थांबवितोच असे नाही. शिवाय त्यात काय साठते, किती दिवस साठते आणि कोण पाहते, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार मानला आहे. मुलींच्या शाळेत कॅमेरा लावताना हा प्रश्न आधी विचारावा, लावल्यावर नव्हे.

आणि दुसरे यंत्र आपल्या खिशात आहे. १९८४ साली अफवेला एका मोहल्ल्यातून दुसऱ्या मोहल्ल्यात चालत जावे लागे. वाटेत एखादा शहाणा माणूस तिला अडवी. आता तिला वाटच नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागून पोट भरणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी फिरते, अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. पुढे त्या कंपनीने एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठविता येईल अशी मर्यादा भारतात घातली. कंपनीने पाचची मर्यादा घातली. आपण आपल्यासाठी शून्याची का घालू नये? जो संदेश खरा आहे हे मला ठाऊक नाही तो मी पुढे पाठविणार नाही, एवढी प्रतिज्ञा या सभागृहातून घेऊन गेलात तरी माझे येणे सार्थकी लागले.

संस्थेच्या चालकांना मी नम्रपणे काही सुचवितो. शाळेच्या गच्चीवर सूर्य रोज पडतो आणि वाया जातो. एक किलोवॅटची सौर पत्रे आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास वीज देतात. शाळा दिवसा चालते, सूर्यही दिवसा असतो. रातपाळीच्या मागापेक्षा ही जोडी अधिक जुळते. खर्च, देखभाल आणि छताची मजबुती तपासून एक छोटा संच बसवावा, आणि त्याचे मीटर वर्गाच्या भिंतीवर असे लावावे की मुलांना रोजचे आकडे लिहिता येतील. दुसरे, शनिवारी एक तास वीजबिल वाचण्याचा वर्ग घ्यावा. मुले शिकतील आणि घरी जाऊन वडिलांना शिकवतील. तिसरे, जॉबरच्या मुलासाठी आणि मुलीसाठी इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम संध्याकाळी चालावा. आणि चौथे, दरवर्षी आपल्या शाळेची आणि शेजारच्या मराठी व तेलुगू शाळांची मुले एक दिवस एकत्र यावीत. त्या दिवशी भाषणे नसावीत, माझे तर नकोच. मुलांनी एकमेकांची घरे पाहावीत.

बोलणे लांबले, क्षमा असावी. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा आपले माग पुन्हा एकदा थांबले आणि कामगार नाशिक महामार्गाने चालत गावाकडे निघाले. त्या रात्री मी खिडकीत उभा राहिलो. अम्मी नव्हती. दिवे चालू होते, दंगल नव्हती, तरीही माग बंद होते. तिच्या दोन कारणांत न बसणारे तिसरे कारण जगाने आणले होते. उद्या चौथे येईल. ते कोणते असेल, हे मला सांगता येणार नाही.

आज आपल्यापुढे बसलेल्या मुला-मुलींपैकी कोणीतरी उद्या रोहित्रावर काम करील, कोणी मागाचा संगणक दुरुस्त करील, कोणी फौजदार होऊन मोहल्ल्यात बसेल. त्यांना मी एकच सांगतो. यंत्राचे पुस्तक पूर्ण वाचा. सुक्या लाकडापाशी थांबू नका, ओल्या लाकडाचे पान उलटा. कारण ते पान न शिकविल्याची किंमत ज्याने मोजली, तो हात मी अजून विसरलेलो नाही.

खुदा हाफिज. नमस्कार.